पाटावरच्या हत्तीचं रान

या मित्रांनो, बसा. माझी गोष्ट उभ्याउभ्या ऐकण्याइतकी छोटी नाही, आणि भरभर बोलणं मला आता जमत नाही. मी एक जुना पाट आहे. जेवायला बसायचा नव्हे आणि पूजेचाही नव्हे. मी भोंडल्याचा पाट. नवरात्रात मुली हातात हात धरून ज्याच्याभोवती फेर धरतात, गाणी म्हणतात, तो मधोमध मांडलेला हत्तीचा पाट. वर्षातले नऊ दिवस मला मान असायचा, उरलेले तीनशे छप्पन्न दिवस मी कपाटामागे. सध्या नोएडातल्या एका सातव्या मजल्यावरच्या बाल्कनीत आहे. माझ्यावर तुळशीची कुंडी ठेवली आहे. पाणी पाझरतं, लाकूड फुगतं, उन्हात पुन्हा आकसतं. तक्रार नाही. फक्त दमलो आहे.

माझा जन्म दिल्लीतल्या पहाडगंजातला. तिथल्या मराठी शाळेत हरिदास मास्तर चित्रकला शिकवायचे. शाळेचा एक शिसवी बाक मोडला, तेव्हा त्यातली धड फळी त्यांनी मागून घेतली आणि महिनाभर खपून माझ्यावर हत्ती कोरला. रेघा अशा की तांदळाचा दाणा नीट बसावा. याचं कारण त्यांच्या पत्नी, कुसुमावतीबाई. त्या दरवर्षी साध्या पाटावर दाण्यांचा हत्ती काढायच्या आणि तो हमखास डुकरासारखा दिसायचा.

"आता रेघांत दाणे भरा," मास्तर म्हणाले. "तरी डुक्कर झालं, तर दोष माझा."

पण घटस्थापना तोंडावर आली आणि हत्तीचे सुळे कोरायचे राहून गेले. बाई म्हणाल्या, "राहू द्यात. ज्याला हवेत त्यानं दाण्यांचे काढावेत." म्हणून मी प्रत्येक घरी वेगळा दिसायचो. कोणी मला काळ्या उडदांनी भरायचं, कोणी मसुरीनं. मसूर भरली की मी गुलाबी व्हायचो आणि पोरी खिदळायच्या. कोणी तांदळाचे सुळे काढून मला गजराज म्हणायचं, कोणी सोंडेशेजारी नथ काढून हत्तीणबाई. रेघा त्याच असायच्या. मला स्वतःला काय वाटतं हे विचारायला मात्र बरीच वर्षं कोणी आलं नाही.

कुसुमावतीबाई व्रतांची बाई. देवापुढं दिवा लागल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायच्या नाहीत. आवाज इतका हळू की शेजारच्या खोलीत ऐकू जायचा नाही. त्यांचं सगळ्यात कठीण व्रत म्हणजे नवमीचं मौन. पहाटे उठल्यापासून, भोंडला होऊन माझ्यावरचे दाणे पाखरांना घालेपर्यंत, त्या एक शब्दही बोलायच्या नाहीत. दिवसभरात किती शब्द ओठांपर्यंत यायचे! दूध उतू चाललंय. पोर पडेल, धरा. दमलात का हो? ते सगळे त्या गिळायच्या आणि माझ्या मस्तकावर तळवा टेकून बसायच्या.

मित्रांनो, ते न बोललेले शब्द वाया गेले नाहीत. ते माझ्यात मुरले. बाराव्या नवमीला मला वाचा फुटली. भोंडल्याच्या दिवसांत जो कोणी माझ्यावर तळवा ठेवील, त्याच्याशी मी बोलू शकायचो. माझं पहिलं वाक्य होतं, "हळद जरा कमी लावा, डोळ्यात जाते."

बाईंचं मौन चालू होतं. त्या दचकल्या नाहीत की ओरडल्या नाहीत. त्यांनी बोटावरची हळद पदराला पुसली. पुढच्या वर्षीपासून त्या बेतानं लावू लागल्या.

तोवर ते कुटुंब मयूर विहारच्या एका सहकारी सोसायटीत राहायला आलं होतं. मास्तर गेले होते. बाई, मुलगा अविनाश, सून कल्पना आणि त्यांचं एकुलतं लेकरू. सोसायटीत नऊ मराठी घरं, म्हणून नऊ दिवस रोज एका घरी भोंडला. मला एका घरातून दुसऱ्या घरात न्यायचं काम दोन मुलांचं होतं. एका बाजूनं अविनाशचं लेकरू मला धरायचं. त्याला सगळे यतीन म्हणायचे. दुसऱ्या बाजूनं धरायची वरच्या मजल्यावरची देवयानी. चष्मेवाली, तिखट तोंडाची. जिन्यात दोघं इतकी भांडायची की मी दोनदा पायऱ्यांवर आपटलो.

लहान होतं तोवर यतीनला फेरात धरायचे. आठवं वर्ष लागलं आणि देवयानीच्या आईनं, सुनंदानं, त्याला हळूच बाहेर काढलं.

"यतीन, मोठा झालास ना आता? मुलींच्यात काय करतोस? खाली सगळे क्रिकेट खेळतायत बघ."

"मला नाही आवडत क्रिकेट, काकू."

"खेळलास की आवडेल. जा, शहाणा ना तू!"

ते लेकरू खाली गेलं नाही. दाराशी चपलांच्या ढिगाजवळ उभं राहून ते ओठ हलवत गाणी म्हणत राहिलं. भोंडला संपला की डब्यातली खिरापत ओळखायचा खेळ असतो. तो झाल्यावर देवयानी मूठभर खिरापत घेऊन दाराशी आली.

"ओळख."

"साटोरी?"

"अरे यार, साटोरी मुठीत मावते का? चिवडा आहे. खा, घामानं मऊ पडलाय."

पुढची पाच वर्षं असंच चाललं. त्या पाच वर्षांत बाकीचं जग मात्र भराभर पालटलं. घरोघरी केबल आली. अविनाशनं सरकारी नोकरी सोडली आणि नोएडातल्या एका खाजगी कंपनीत मोठ्या पगारावर लागला. दारात पांढरी गाडी आली. बायकाही नोकऱ्यांना लागल्या, मग खिरापत पाकिटातून यायला लागली. वेफर्स ओळखायला कसली मजा? डबा हलवला की कळायचं. दिवस मात्र अजून नऊच होते, कारण कुसुमावतीबाई नवव्या दिवसासाठी वर्षभर थांबायच्या.

ते लेकरू तेरा वर्षांचं झालं त्या साली, तिसऱ्या दिवशी मी बाईंच्याच घरी होतो. दुपारची वेळ. वीज गेली होती. घरातले सगळे झोपलेले. ते एकटंच माझ्याजवळ बसून एकेक दाणा रेघेत बसवत होतं. फार सुरेख हात. डोळ्याचा दाणा बसवून झाल्यावर त्यानं माझ्यावर तळवा टेकला आणि विचारलं, "तू हत्ती आहेस की हत्तीण?"

इतक्या वर्षांनी कोणीतरी विचारलं!

"लोक दोन्ही म्हणतात," मी म्हणालो. "मी दमलेला आहे, एवढं मला पक्कं ठाऊक आहे. बाकी अजून ठरवलं नाही. तू कोण आहेस?"

तळवा उचलला गेला नाही. उत्तर आलं, "मी मुलगी आहे. कोणाला सांगू नकोस हं. सगळे यतीन म्हणतात ना, तर मला दुसऱ्या कोणाच्या चपला घालून चालल्यासारखं वाटतं. दिवसभर. पाय दुखतात."

"मग तुझं नाव काय?"

"सुखदा," ती म्हणाली. आणि लगेच दाराकडं बघितलं, कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून.

मित्रांनो, इथून पुढं मी तिला सुखदाच म्हणेन. ती आधीही तीच होती, मला उशिरा कळलं.

आता तुम्हाला एक गुपित सांगतो. बाईंचं मौन साठत साठत माझ्या रेघांच्या पलीकडं एक रान उगवलं होतं. दाणे नीट भरले असले आणि तळवा ठेवून कोणी मनापासून विचारलं, तर मी त्याला पाठीवर घेऊन तिथं जाऊ शकायचो. तिथं मी खरा चार पायांचा असायचो आणि त्याच वेळी इकडं पाट होऊन पडलेलाही असायचो. त्या रानात माणूस जसा आतून असतो तसा दिसतो. सुखदाला मी तिथल्या नदीवर नेलं. तिनं पाण्यात पाहिलं. कमरेपर्यंत वेणी असलेली मुलगी तिच्याकडं बघत होती. ती हसली नाही की रडली नाही. वेणी पुढं घेऊन हातात धरली आणि तशीच बसून राहिली.

झाडांची पानं हळू आवाजात बोलत होती. "दूध उतू चाललंय." "पोर पडेल, धरा." "जरा बसा ना माझ्याजवळ."

"हा तर आजीचा आवाज," सुखदा म्हणाली.

मी तिला एकच नियम सांगितला. दाणे जागेवर आहेत तोवर परतायचं. दाणे विस्कटले की वाट पुसली जाते. मग इकडच्यांनी फेर धरून नावानं हाक मारली, तरच त्या हाकेच्या रोखानं येता येतं.

दुसऱ्या दिवशी तिनं देवयानीला रानात आणलं. देवयानी तिथंही अगदी देवयानीच होती, नुसता चष्मा गेला होता. तिनं सुखदाकडं पाहिलं, वेणीकडं पाहिलं, पुन्हा सुखदाकडं पाहिलं.

"माझ्यापेक्षा लांब? ये तो चीटिंग है यार!"

सुखदानं वेणी पाठीमागं टाकली. मग देवयानी जवळ येऊन बसली.

"म्हणजे तू कायम... अशीच?"

"कायम."

"मग मला इतके दिवस सांगितलं का नाहीस?"

"तू हसली असतीस."

"हो, हसले असते. मग गप्प बसले असते. मग विचारलं असतं. एवढं तरी करू द्यायचंस ना मला!" देवयानी रागानं बोलत होती. मग दोघींनी माझ्या सोंडेवर हात ठेवून शपथ घेतली. हे नाव देवयानी बाहेर कधीच, कोणासमोरच उच्चारणार नाही.

त्याच आठवड्यात अविनाशनं एका निवासी शाळेचा फॉर्म भरून आणला. डोंगरातली, फक्त मुलांची शाळा. पहाटे परेड.

"ऑफिसमधल्या सगळ्यांची मुलं जातात," तो आईला सांगत होता. "तिथं जरा मुलांसारखा होईल तो. इथं बायकांत राहून... लोक बोलतात, आई. लिफ्टमध्ये बोलतात."

"एवढ्यात कशाला पाठवायचं?" कुसुमावतीबाई म्हणाल्या. पण इतक्या हळू की ते ऐकू गेलं नाही, किंवा ऐकू जाऊनही अविनाशनं मनावर घेतलं नाही. दसऱ्याच्या पहाटे निघायचं ठरलं.

नवमीला मी सुनंदाकडं होतो. दुपारी तीन वाजता दोघी मुलींनी माझे दाणे भरले. अंगाला मूग, सोंडेला तांदूळ, डोळ्याला चवळी. सुनंदा आत साडी नेसत होती. सुखदानं तळवा टेकवला.

"शेवटचं जाऊन येते," ती देवयानीला म्हणाली. "उद्यापासून तिथं केस कापतात म्हणे, अगदी टाळूपर्यंत."

"जा. मी इथंच बसते. कोणाला हात लावू देणार नाही."

देवयानी खरंच बसली होती. पण सुनंदानं तिला दुधाच्या बूथवर पिटाळलं. बायका यायच्या होत्या, चहाला दूध नव्हतं. पोरगी धावत गेली. धावत परत येणार होती.

आता सुनंदाचं ऐका. तिनं चारच दिवसांपूर्वी दारावर आलेल्या विक्रेत्याकडून व्हॅक्यूम क्लीनर घेतला होता. सोसायटीतला पहिला. आज नऊही घरच्या बायका येणार, तर त्यांच्यादेखत झाडलोट नको, त्या यायच्या आधी सगळं घर लख्ख दिसावं, एवढाच तिचा हेतू. शिवाय तिनं बाजारातून एक चकचकीत हत्तीचं स्टिकर आणलं होतं. दाणे पायांखाली येतात, गालिच्यात रुततात, म्हणून यंदा माझ्यावर ते चिकटवायचं होतं. तिनं नळी माझ्यावर धरली. मूग, तांदूळ, चवळी, सगळं एका घोटात गेलं.

मित्रांनो, मी ओरडलो. पण माझ्यावर तळवा नव्हता, नळी होती.

देवयानी दूध घेऊन आली, तेव्हा मी कोरा पडलो होतो.

"बघ, एक दाणा नाही राहिला!" सुनंदा खुशीत म्हणाली. "सोफ्याखालचंसुद्धा ओढून घेतलं गं. काय मशीन आहे!"

देवयानीच्या हातातून दुधाची पिशवी पडली. तिनं त्या यंत्राची धुळीची पिशवी काढली, बाल्कनीत वर्तमानपत्रावर उपडी केली आणि केस, धूळ, टाचण्या यांतून एकेक मूग वेचायला लागली. आई ओरडत होती, बायका यायला लागल्या होत्या. पोरगी वेचत होती. कसेबसे अर्धे दाणे मिळाले. ते तिनं माझ्या रेघांत भरले आणि तळवा टेकवून म्हणाली, "ती कुठाय?"

"नदीपलीकडं," मी म्हणालो. "वाट पुसली गेली. फेर धरा आणि हाक मारा."

तोवर अविनाश आला. सामान बांधायचं होतं, शाळेच्या बुटांचं माप बघायचं होतं, आणि पोर घरात नव्हतं. तो बाल्कनीतून हाका मारू लागला. कल्पना बँकेतून येऊन जिन्यात हाका मारू लागली. खाली वॉचमन ओरडत होता, "यतीन भैया! ओ यतीन भैया!" सगळी सोसायटी हाका मारत होती. रानात पानही हललं नाही. त्या नावाची वाट तिकडं जातच नव्हती.

देवयानी माझ्याजवळ बसून होती. शपथ मोडली तर मैत्रीण कायमची रागावेल. नाही मोडली तर मैत्रीणच राहणार नाही. तिनं खालमानेनं, अगदी कुजबुजल्यासारखी हाक मारली, "सुखदा."

ती हाक नदीपर्यंत पोचली आणि विरली. एका आवाजाचं ते काम नव्हतं. तेव्हा देवयानी उठली आणि नऊ घरच्या बायकांसमोर रडत म्हणाली, "सगळ्यांनी फेर धरा प्लीज. आणि सुखदा म्हणून हाक मारा."

"सुखदा कोण?" कोणीतरी विचारलं.

"यतीन. म्हणजे, ती यतीन नाहीये. तिचं नाव सुखदा आहे. ती पाटाच्या आत आहे आणि ते नाव घेतलं नाही तर ती येणार नाही."

मग एक बाई हसली.

"देवू, वेड लागलंय का?" सुनंदा म्हणाली. "पाहुण्यांसमोर काय हे?"

कोपऱ्यातल्या खुर्चीवर कुसुमावतीबाई बसल्या होत्या. नवमी होती, पहाटेपासून मौन होतं. एकामागून एक तेवीस नवम्या त्यांनी ते पाळलं होतं, मास्तर गेले त्या वर्षीसुद्धा. त्या उठल्या, गुडघे दुखत असूनही माझ्याजवळ खाली बसल्या आणि तळवा टेकवला.

"खरं आहे बाई," मी म्हणालो. "पोर आत आहे. तिचं नाव सुखदा. पण हे रान तुमच्या मौनाचं आहे. तुम्ही बोललात तर ते मिटेल. पुन्हा उगवणार नाही."

त्यांनी डोळे मिटले. ओठ हलले, बहुधा देवाचं नाव घेतलं असावं, आवाजाशिवाय. मग त्यांनी डोळे उघडले आणि मोठ्यानं हाक मारली.

"सुखदा!"

त्या बाईंचा आवाज त्या सोसायटीनं त्याआधी कधी ऐकला नव्हता. बाल्कनीतली कबुतरं उडाली. कल्पनानं तोंडावर हात ठेवला.

"सुनंदा, हात धर," बाई म्हणाल्या. "कल्पना, तू पण ये. धरा सगळ्या फेर. नाव घ्या."

"आई, हे काय चाललंय?" दारातून अविनाश म्हणाला.

"तू जरा गप्प राहा, अविनाश. मी बोलतेय."

फेर सुरू झाला. आधी दोघींचा, मग चौघींचा. कल्पना नाव अगदी नीट घेत होती. सुनंदा सगळ्यात शेवटी आली. तिला काही पटलं नव्हतं, पण त्या बाईंचं मौन मोडलेलं तिनंही पाहिलं होतं.

रानात मी सुखदाजवळ उभा होतो. पानं गळायला लागली होती. "पोर पडेल" गळालं, "दूध उतू चाललंय" गळालं. सुखदा वेणी घट्ट धरून बसली होती.

"मी नाही आले तर?" तिनं विचारलं.

"तर मी तुला ओढून नेणार नाही," मी म्हणालो. "पण रान मिटलं की तूही मिटशील. मी पाट आहे, खोटं सांगत नाही."

"तिकडं गेले तर ही वेणी राहणार नाही. पुन्हा ते बूट, ती परेड."

"असेल. तिकडचं सगळं मला कुठं बदलता येतं?"

तेवढ्यात पुन्हा हाक आली. आजीची, आईची, देवयानीची, आणि मागून कोणाकोणाची अडखळत. सुखदा ऐकत राहिली. तिनं ते नाव आजवर स्वतःच्याच तोंडून ऐकलं होतं, फार तर देवयानीच्या.

"आजी बोलतेय?" ती म्हणाली. "आज तर नवमी आहे."

"हो. बोलतेय."

मग ती उठली आणि माझ्या पाठीवर चढली. मी धावलो, मित्रांनो. मोडक्या बाकाच्या फळीला कोणी धावायला सांगितलं नव्हतं, पण मी धावलो. त्या एवढ्याशा अर्ध्या दाण्यांच्या रेघांतून तिला बाहेर काढताना माझ्या अंगात कडकन आवाज झाला आणि मी मस्तकापासून शेपटीपर्यंत तडकलो.

ती फेराच्या मध्ये, माझ्यावर बसलेली होती. आखूड केस, टी-शर्ट, केसांत धूळ. हात मानेमागं गेला, वेणी नव्हती. तेव्हा ती रडली.

"गेली ना वेणी?" देवयानी नाक पुसत म्हणाली. "आता खरीखुरी वाढव. आणि शपथ मोडली मी. भांडायचं असेल तर उद्या भांड."

कुसुमावतीबाईंनी तिला जवळ घेतलं. मग मुलाकडं पाहिलं. "माझं मौन मोडलंय, अविनाश. ते फुकट घालवू नकोस." एवढंच त्या म्हणाल्या. अविनाश दारातच उभा होता. दसऱ्याच्या पहाटे गाडी निघाली नाही. पुढं तो बदलला का? थोडासा. त्या फॉर्मविषयी पुन्हा बोलला नाही. लेकीचं नाव घ्यायला मात्र त्याला सात वर्षं लागली. मी उगाच गोड करून सांगणार नाही.

बाकीच्यांचंही तसंच. काही बायकांनी दुसऱ्या वर्षापासून यायचं सोडलं. शाळेत सुखदाला काय काय म्हणायचे ते मी इथं सांगत नाही. घर नोएडाला आलं तेव्हा शेजारी नवे आले, कुजबुज तीच होती. सुखदा त्या सगळ्यातून शिकली, केस वाढवले, नोकरीला लागली. कित्येक संध्याकाळी ती बॅग टाकून माझ्याशेजारी बाल्कनीत नुसती बसून राहायची. दमलेली. आम्ही दोघं दमलेले.

रान पुन्हा उगवलं नाही. त्या दिवसापासून बाईंनी नवमीचं मौनही धरलं नाही. "मोडलेलं व्रत डागडुजी करून चालवायचं नसतं," त्या म्हणाल्या. त्यांनी दुसरं घेतलं. रोज सकाळी दिवा लावायचा, आणि पाण्याचा घोट घ्यायच्या आधी नातीला एकदा तिच्या नावानं हाक मारायची. "सुखदा, उठलीस का गं?" त्या हाकेत काही मंत्र नव्हता. अकरा वर्षं त्यांनी ती एकही दिवस चुकवली नाही. दवाखान्यात होत्या तेव्हा घरी फोन लावायला लावायच्या. शेवटच्या आठवड्यात आवाज निघेना, तर नुसते ओठ हलवले आणि सुखदानं "हो आजी, उठले" म्हणून उत्तर दिलं.

त्या गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुखदा उठली नाही. उजाडलं, घरात माणसं होती, पण तिला उठावंसं वाटेना. साडेसहाला फोन वाजला. देवयानी गुडगावला राहायला गेली होती, नऊला तिचं ऑफिस असायचं.

"सुखदा, उठलीस का गं?"

सुखदानं फोन कानाशी धरून कूस बदलली.

"उत्तर दे यार, मी अजून पाणी नाही प्यायलेय."

तेव्हापासून रोज साडेसहाला तो फोन येतो. मी बाल्कनीतून ऐकतो.

मित्रांनो, पाटांच्या गोष्टी संपताना पाट सांगतात, आम्हाला जपा, पॉलिश करा, अडगळीत टाकू नका. मी तसं सांगणार नाही. लाकूड कुजायचंच. माझ्यात बाईंचे जे थोडे शब्द उरले होते ते हे सांगण्यात संपत आले. शेवटचे तुमच्यासाठी ठेवले आहेत. तुमच्या वर्गात, तुमच्या जिन्यात, दाराशी चपलांजवळ कोणी उभं असेल, तर त्याला किंवा तिला विचारा, तुला काय हाक मारू? जे उत्तर येईल, ते नाव घ्या. एकदा घेऊन थांबू नका. कंटाळा आला तरी, घाई असली तरी, पाण्याचा घोट घ्यायच्या आधी, रोज घ्या.